कानसेनांची घडण

तानसेन होतां आलें नाहीं तरी निदान कानसेन तरी व्हावें, असें आपल्याकडे नेहमीं म्हटलें जातें. ज्याला गातां येत नाहीं त्याच्या समाधानासाठीं, आणि थोड्या विनोदानेंच, हें वाक्य बोललें जातें. जणूं काय गाणें ही तेवढी विद्या, आणि ऐकणें हा केवळ विसावा! गायनाचा इतिहास लिहिणारांनींहि बहुधा हाच भेद पाळला आहे. घराणीं, गुरुशिष्यपरंपरा, दरबार आणि बिदाग्या यांच्या वर्णनांनीं पानेंच्या पानें भरलेलीं आढळतात. परंतु ज्यांनीं मांडी घालून तें गाणें ऐकलें त्यांचा उल्लेख 'श्रोतृवृंद प्रसन्न झाला' एवढ्यांतच आटपतो. हा श्रोतृवृंद कोठून आला, प्रसन्न व्हावयास तो कोणाकडून शिकला, आणि त्याच्या प्रसन्नतेचा खुद्द गाण्यावर काय परिणाम झाला, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत महाराष्ट्रापुरता या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. लेखक गवई नाहीं. पेटीवर बोटें फिरवण्यापलीकडे त्याची मजल कधीं गेली नाहीं. परंतु श्रोत्यांचा इतिहास एखाद्या श्रोत्यानें लिहिला तर त्यांत अनधिकार तो कोणता?

ऐकणें ही शिकण्याची गोष्ट आहे, हें आपल्या जुन्या शास्त्रकारांस चांगलें ठाऊक होतें. भरताच्या नाट्यशास्त्रांत प्रयोगाच्या सिद्धीचा विचार चालला असतां प्रेक्षकाचीं लक्षणेंहि सांगितलीं आहेत. दुसऱ्याच्या आनंदानें जो आनंदतो आणि शोकानें शोक पावतो तो खरा प्रेक्षक, असें सांगून, हे सर्व गुण एकाच माणसाच्या ठायीं मिळावयाचे नाहींत अशी व्यवहारी पुस्तीहि तेथें जोडलेली आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव हा राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता, ही गोष्टहि येथें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दिवसा जमाखर्च पाहणाऱ्या माणसानें स्वरांचा हिशेब मांडावा, ही परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे, आणि पुढें तिची पुनरावृत्ति झालेली आपणांस दिसेल.

परंतु शास्त्र पोथींत राहिलें. एकोणिसाव्या शतकांतील मराठी मध्यम वर्गाचा कान घडला तो मुख्यतः देवळांत, कीर्तनाला बसून. हरिदास आर्या म्हणे, साकी म्हणे, दिंडी म्हणे. मध्येंच एखादें पद रागतालांत आळवी. झांजा आणि मृदंग साथीला असत. त्या श्रोत्याला रागांचीं नांवें ठाऊक नसत. पण ताल चुकला तर त्याच्या मांडीवरची थाप आपोआप थांबत असे. मात्र या श्रवणाला एक मर्यादा होती. तेथें स्वर हा शब्दाचा चाकर होता. अर्थ कळला कीं गाणें कळलें, अशी समजूत त्यामुळें दृढ झाली, आणि ज्या गाण्यांत चार शब्दांवर अर्धा तास विस्तार चालतो तें ऐकण्याची तयारी तेथें झाली नाहीं.

तसलें गाणें दुसरीकडे चालत होतें. संस्थानिकांच्या दरबारांत उस्तादांचे ख्याल होत, आणि कलावंतिणींच्या माडीवर ठुमरी होई. या दोन्ही ठिकाणीं पांढरपेशा गृहस्थाचा प्रवेश अवघड होता; एके ठिकाणीं निमंत्रणाअभावीं, दुसऱ्या ठिकाणीं अब्रूच्या भयानें. गाणें चांगलें, पण गाणाऱ्यांची संगत वाईट, हें त्या काळच्या घराघरांतील मत होतें. मुलगा गाण्याच्या नादीं लागला म्हणजे तो वाया गेला असेंच धरीत. मुलीची तर गोष्टच नको.

ही कोंडी फोडण्याचा पहिला यत्न सभासदांच्या वर्गणीनें झाला. १८७० सालीं मुंबईस पारशी मंडळींनीं गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली, आणि १८७४ सालीं पुण्यास गायन समाज निघाला. आज आपणांस यांत कांहीं विशेष वाटणार नाहीं. परंतु वर्गणी भरून, सभ्य दिवाणखान्यांत, ठरल्या वेळीं गवयाचें गाणें ऐकावयाचें, ही कल्पना त्या वेळीं अगदीं नवी होती. दरबारांत श्रोता हा धन्याचा पाहुणा असे. येथें तो स्वतःच धनी झाला. धन्याला प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. हा राग कोणता, याला हेच स्वर कां, कालच्या खांसाहेबांनीं तोच राग निराळा कां गाइला, असे प्रश्न निघूं लागले. पुष्कळ गवयांस ते आवडत नसत, आणि पुष्कळांजवळ त्यांचीं उत्तरेंहि नसत.

अशा प्रश्नकर्त्यांपैकींच एक विष्णु नारायण भातखंडे हे होत. १८६० सालीं वाळकेश्वरास जन्मलेला हा गृहस्थ १८८४ सालीं गायन उत्तेजक मंडळींत दाखल झाला, आणि १८८७ सालीं वकिलीची परीक्षा उतरला. सतार आणि गायन ते शिकले होते. परंतु मैफलीचे गवई ते कधींच नव्हते. मंडळींत येणाऱ्या गुणी लोकांकडून त्यांनीं शेंकडों चिजा घेतल्या. पुढें वकिली सोडून १९०४ पासून दक्षिणेचा आणि मग उत्तरेचा प्रवास केला. जुने ग्रंथ एकीकडे आणि प्रत्यक्ष गाइलें जाणारें गाणें दुसरीकडे ठेवून दोहोंचा मेळ कोठें बसतो हें पाहिलें. साक्षीदारांच्या जबान्या घेऊन त्यांतील विसंगति टिपावी, तशीच ही वकिलाची पद्धत होती.

या उद्योगाचें मराठी वाचकाला लाभलेलें फळ म्हणजे 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'. १९१० पासून १९३२ पर्यंत तिचे चार भाग निघाले. हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें लिहिलेला आहे, हें त्याचें मर्म आहे. शिष्य शंका काढतो, गुरु उत्तर देतो, शिष्य पुन्हां अडवतो. ज्याच्या घरांत गाण्याची परंपरा नाहीं अशा माणसाला प्रथमच मराठींत, लाज न वाटतां, प्रश्न विचारण्याची सोय झाली.

या शिक्षणाचा कानावर काय परिणाम होतो हें एका उदाहरणानें सांगतां येईल. भूप आणि देशकार या दोन रागांत स्वर तेच पांच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोहोंतहि वर्ज्य. मग हे दोन राग कशावरून? भूपांत गंधाराचें प्राबल्य. त्याची वस्ती सप्तकाच्या खालच्या अर्ध्यांत, आणि त्याची वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकारांत धैवत प्रमुख. तो वरच्या अर्ध्यांत, तार षड्जाच्या आसपास रमतो, आणि सकाळीं गाइला जातो. एकाच संख्येचीं माणसें दोन घरांत असलीं तरी कर्तेपण कोणाकडे आहे यावरून घराची रीत निराळी होते, तसाच हा प्रकार. भातखंड्यांनीं भूपाला कल्याण थाटांत घातलें आणि देशकाराला बिलावलांत. गंमत अशी कीं, या दोन थाटांत भेद आहे तो फक्त मध्यमाचा, आणि मध्यम तर या दोन्ही रागांत नाहींच! म्हणजे केवळ स्वरांची यादी करून राग ओळखतां येत नाहीं. त्याची चाल, विसाव्याच्या जागा, वळणें यांवरूनच तो ओळखावा लागतो. हें ज्याच्या ध्यानांत आलें तो श्रोता त्या क्षणापासून निराळ्या कानांनीं ऐकूं लागतो.

भातखंडे ग्रंथ रचीत असतां दुसरे विष्णु, म्हणजे पं. विष्णु दिगंबर पलुसकर, शाळा काढीत होते. कुरुंदवाडचा हा पुत्र बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकला, आणि १९०१ सालीं लाहोरास त्यानें गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. १९०८ सालीं तें मुंबईस आलें. वेळेवर सुरू होणाऱ्या आणि तिकीट काढून ऐकावयाच्या जलशांची शिस्त पंडितजींनीं लोकांस लावली. त्यांच्या शाळेंतून निघालेले सगळेच विद्यार्थी गवई झाले नाहींत, व्हावयाचेहि नव्हते. पण जो दोन वर्षें सरगम घोकून नंतर कचेरींत नोकरीस लागला, तो जन्मभर जलशाच्या पुढच्या रांगेंत बसला. आणि त्याच्या मुलीला पेटी शिकवावयास घरीं मास्तर येऊं लागले.

ज्यांनीं ग्रंथहि वाचला नाहीं आणि शाळाहि पाहिली नाहीं, त्यांचा गुरु झाली रंगभूमि. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला, आणि १८८२ सालीं 'सौभद्र' आलें. यांतील साक्या, दिंड्या आणि कीर्तनी वळणाचीं पदें प्रेक्षकांच्या परिचयाचींच होतीं. म्हणून तीं तत्काळ घरांत शिरलीं. मग पायरी पायरीनें कान वर चढवला गेला. १९११ सालच्या 'मानापमाना'स गोविंदराव टेंब्यांनीं उत्तरेकडील ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली दिल्या. १९१६ सालच्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या, आणि बालगंधर्वांच्या कंठांतून यमन-बिहागासारखे राग माजघरापर्यंत पोंचले. पोळ्या लाटतां लाटतां पद गुणगुणणाऱ्या गृहिणीला आपण यमन गातों आहों हें ठाऊक नसेल; पण कोणी त्यांत चुकीचा मध्यम लावला तर 'हें असें नाहीं' म्हणून ती लागलीच सांगे. तिकिटाचे पैसे दिलेल्या प्रेक्षकांनीं गायनाला वळणहि लावलें, आणि पुढें वन्समोअरचा अतिरेक करून नाटकाचा गळाहि दाबला. रसिकांची कृपा आणि त्यांचा जुलूम यांतील अंतर फार थोडें असतें.

हा सगळा काळ आपण अभिमानानें आठवतों. तथापि त्यांतील एका ऋणाचा उच्चार आपल्या वाडवडिलांनीं फारसा केला नाहीं, तो येथें करणें प्राप्त आहे. सभ्य गृहस्थांना गाणें हवें होतें. पण तें ज्यांच्यापासून आलें त्यांचें नांव पुष्कळदां नको होतें. बाळकृष्णबुवांनीं महाराष्ट्रांत आणलेली ग्वाल्हेरची गायकी हद्दूखां-हस्सूखां यांच्या परंपरेंतली. भातखंड्यांच्या संग्रहांतील किती तरी चिजा मुसलमान उस्तादांनीं पिढ्यान्‌पिढ्या कंठांत जपलेल्या. आणि स्त्रियांचें ऋण तर त्याहून मोठें. नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीनें गौहरजान या गायिकेच्या तबकड्या घेतल्या. तबकडी तयार व्हावयाची जर्मनींत, हानोव्हर येथें. तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें कळावें म्हणून गायिका शेवटीं स्वतःचें नांव मोठ्यानें सांगत असे. जिचें नांव घरांत उच्चारणें अशिष्ट मानलें जाई, तिनें दिवाणखान्यांत येऊन आपलें नांव आपणच ठणकावून सांगावें, हा काळाचा मोठा न्याय म्हणावयाचा! पुढें गोमंतकांतील कलावंत घराण्यांतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका आल्या, आणि ज्या समाजानें त्या घराण्यांस दारांत उभें केलें नव्हतें तोच समाज त्यांच्या मैफलींत जागेसाठीं धडपडूं लागला. ऐकण्याच्या शिक्षणांत हाहि एक धडा आहे: कान उघडला कीं मनाचीं कांहीं दारें उघडावींच लागतात.

तबकडीनें श्रोत्याला आणखी एक अपूर्व वस्तु दिली, ती म्हणजे पुनरावृत्ति. पूर्वीं ऐकलेलें गाणें गेलें तें गेलेंच. आतां अब्दुल करीमखांसाहेबांची एकच जागा दहा वेळां ऐकतां येऊं लागली. परंतु तिनें एक वस्तु नेलीहि. सुमारें तीन मिनिटांत गाणें संपवावयाचें असल्यामुळें आलापाची संथ बढत तींत मावत नसे, आणि तयार, चटकदार गाणें म्हणजेच उत्तम गाणें अशी समजूत व्हावयास वाव मिळाला. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें रेडिओ-केंद्र सुरू झालें, आणि ज्यांना जलशाचें तिकीट परवडत नव्हतें त्यांच्याहि घरीं गाणें आलें. त्याबरोबर एक नवी संवयहि आली: गाणें लागलेलें असावें, आणि आपण दुसरेंच कांहीं करीत असावें.

याच सुमारास ऐकलेल्या गाण्यावर विचारपूर्वक लिहिण्याची प्रथा मराठींत रुजली. केशवराव भोळे 'एकलव्य' या नांवानें गायकांचें मर्म उलगडून दाखवूं लागले. टेंब्यांनीं १९३९ सालीं 'माझा संगीत-व्यासंग' लिहून कलावंताचे कान कसे घडतात हें सांगितलें. आणि १९६१ सालीं 'घरंदाज गायकी' लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायानें हिशेबतपासनीस होते. शार्ङ्गदेवाची परंपरा सातशें वर्षांनीं पुन्हां अशी उगवली!

आतां प्रश्न असा कीं, ज्याला गातां येत नाहीं अशा आजच्या माणसानें या इतिहासापासून घ्यावयाचें काय? प्रस्तुत लेखकाला याचें उत्तर लहानपणींच मिळालें होतें. तें कळावयास मात्र फार वर्षें लागलीं. आजोळीं शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. तेहि गवई नव्हते. तालुक्याच्या कचेरींत कारकुनी करून निवृत्त झाले होते. गणेशोत्सवांतील गाण्याला ते मला बरोबर नेत. मी शाळकरी आढ्यतेनें दर चिजेला विचारीं, "अप्पा, हा राग कोणता?" तिसऱ्या वेळीं ते म्हणाले, "अरे, नांव कळलें म्हणजे माणूस कळला का? नांव राहूं दे. तंबोऱ्याचा षड्ज कानांत राहतो का तें आधीं बघ. गवई त्याला सोडून कुठें जातो, आणि परत कसा येतो, एवढंच बघ. मग समेची वाट पहा." त्या रात्रीं मला रागाचें नांव कळलें नाहीं, परंतु सम येण्याच्या आधीं क्षणभर माझा श्वास थांबला, आणि ती आली तेव्हां अप्पांची मान आणि माझी मान एकदमच हलली. ते माझ्याकडे पाहून हंसले. माझें नांव त्या दिवशीं कोणत्याहि शाळेच्या पटावर चढलें नाहीं, पण शिक्षण सुरू झालें.

अप्पांचा तो क्रम आजहि सर्वांत सोपा आहे. प्रथम षड्ज धरावा. कारण इतर स्वरांचें जवळपण आणि लांबपण त्याच्यावरूनच मोजावयाचें असतें. नंतर ठेका धरावा. त्रितालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजाव्या, नवव्या मात्रेवरील खाली ओळखावी, आणि पहिल्या मात्रेवर गवई कोणत्या वाटेनें उतरतो हें पहावें. मग एकच राग घेऊन महिनाभर तोच ऐकावा, आणि शक्य तर एकच बंदिश दोन घराण्यांच्या गायकांकडून ऐकावी, म्हणजे बंदिशीचें काय आणि गायकाचें स्वतःचें काय हें निराळें दिसूं लागतें. यासाठीं गळा लागत नाहीं. अवधान लागतें, आणि हातांतील दुसरें काम खालीं ठेवण्याइतका संयम लागतो.

एवढी खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. गाणें आवडलें म्हणजे झालें! परंतु आपल्या आवडीवर दुसऱ्याचें कांहीं अवलंबून आहे. १९४९ सालीं कोल्हापूर आणि बडोदें हीं संस्थानें विलीन झालीं, आणि ज्या दरबारांनीं अल्लादियाखांसारख्यांस पोसलें त्यांचा काळ संपला. १९५३ सालीं पुण्यास सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला, आणि पुढें त्याच्या मंडपांत हजारों श्रोते बसूं लागले. दरबारचा राजा एक होता. तो अडाणी निघाला तर एका दरबाराचें गाणें बिघडे. आतां राजे असंख्य आहेत, आणि प्रत्येकाच्या टाळीची नोंद गवई घेत असतो. टाळी केवळ द्रुत तानेला पडली तर उद्यां तान वाढेल आणि आलाप आटेल. मंद्र सप्तकांतील एखाद्या अचूक लागलेल्या स्वरानंतर मंडपांत शांतता पसरली, तर तो स्वर पुढच्या पिढीला ऐकावयास मिळेल. गाणें टिकवण्याची जबाबदारी केवळ गाणाऱ्यांची आहे, ही समजूत म्हणूनच सोडून दिली पाहिजे.

आज तर खिशांतल्या लहानशा यंत्रांत सगळीं घराणीं येऊन बसलीं आहेत. भातखंड्यांना ज्या चिजेसाठीं दूरवरचे प्रवास करावे लागले, तसल्या कित्येक चिजा आपणांस बसल्या जागीं ऐकतां येतात. उणीव असलीच तर ती आपल्या बसण्यांत आहे. तेव्हां वाचकानें फार मोठा संकल्प करूं नये. उद्यां सकाळीं स्नान आटोपल्यावर अर्धा तास देशकार ऐकावा, आणि दिवे लागल्यावर अर्धा तास भूप. स्वर तेच पांच आहेत. सकाळचे पांच आणि रात्रीचे पांच निराळे कां वाटले, एवढाच प्रश्न मनाला विचारून झोपीं जावें.